नाताळच्या दिवशीची बस

"बस किती वाजता आहे?" जगदाळेबाईंनी विचारलं.

"येईल एवढ्यात," मी म्हटलं.

त्या दिवशी अख्ख्या लंडन शहरात एकही बस सुटणार नव्हती. जमिनीखालची रेल्वे बंद, वरची बंद. पंचवीस डिसेंबरला तिथले ड्रायव्हर आपापल्या घरी पोराबाळांत बसून जेवतात, हे मला पुरतं ठाऊक होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, दिनकररावांनी, आदल्या दिवशी तीनदा बजावलं होतं, "अक्का, उद्या बाहेर पडलात तर आपल्या पायांच्या भरवशावर पडा." थांब्याच्या खांबावर पिवळा कागद चिकटवून तेच लिहिलेलंही होतं. मी तो वाचला होता. जगदाळेबाईंना इंग्रजी येत नव्हतं.

सकाळचे पावणेदहा झाले असतील. थंडी अशी की श्वास तोंडातून निघाला की समोर दिसायचा. एवढा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांवर दिव्यांच्या माळा, आणि माणूस औषधालाही नाही. बाईंनी मोरपंखी इरकली नेसली होती, त्यावर मुलाचं जाड काळं जाकीट. बाह्या इतक्या लांब की बोटं दिसत नव्हती. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. हातात पिशवी, तिच्यात खण, नारळाची वाटी आणि साताऱ्याचे कंदी पेढे.

"यांची दिवाळीच ना आज?" त्यांनी विचारलं.

"तसंच म्हणायचं."

"मग माणसं कुठायत?"

"निघतील हळूहळू."

"आमच्याकडं दिवाळीला एस्टी जादा गाड्या सोडते," त्या म्हणाल्या. "इथं तर मोठं शहर. जास्तीच सोडत असतील."

"हो," मी म्हटलं. "म्हणून तर थांबलोय."

आणि खांबाला टेकून आरामात उभी राहिले. माझ्या अंगात मीच विणलेले दोन स्वेटर होते. कराडात मी शाळांचे स्वेटर विणून देते. मशीनवर विणायचं मला कुणी शिकवलं नाही, जुन्या परदेशी मासिकांतली चित्रं बघून शिकले, इंग्रजीही त्यातच थोडं थोडं आलं. तर थंडीचं मला काही वाटत नव्हतं. मला तासभर उभं राहता आलं असतं. दोन तासही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी पंचेचाळीसची होते. नलू, म्हणजे माझी बहीण, लग्न होऊन लंडनला गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली होती, पण मी तिच्याकडं पहिल्यांदाच गेले, तेही तिची लेक मृण्मयी हट्टाला पेटली म्हणून. मावशी, नाताळच्या सुट्टीत ये, सगळं शहर उजळलेलं असतं, म्हणाली. खरं कारण नंतर कळलं. तिनं मुलगा पसंत केला होता. यशोधन जगदाळे, तिथल्याच इस्पितळात डॉक्टर. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. आई साताऱ्याकडून त्याला भेटायला येणार होती. नाताळच्या दिवशी जेवायला बोलवायचं आणि तिथंच बोलणी उरकायची, असं ठरलं होतं. आमचे आईवडील राहिले नव्हते. नलू म्हणाली, "अक्का, घरातलं मोठं माणूस तूच. तू हो म्हटलंस की झालं. तू नाही म्हटलंस तर मग आपण बघू."

"नाही कशाला म्हणेन?" मी म्हटलं होतं.

मग तेवीस तारखेला मृण्मयीनं फोनवर फोटो दाखवला. उंच, हसरा मुलगा आणि त्याच्या शेजारी ठेंगणी, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. "या त्याच्या आई. रहिमतपूरच्या."

"जरा मोठा कर गं," मी म्हटलं.

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाईंच्या हनुवटीवर हिरव्या गोंदणाचे तीन ठिपके होते, वर एक, खाली दोन.

"कशा आहेत?" मृण्मयीनं विचारलं.

"छान आहेत," मी म्हटलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन नलूनं सोललेले बटाटे पुन्हा सोलायला घेतले. नलू म्हणाली, अक्का, काय करतेस, संपतील ना ते. तिला काही माहीत नव्हतं. त्या वेळी ती सतरा वर्षांची, मामाकडं कोल्हापूरला शिकायला. आणि आमच्या घरात ते नाव पुन्हा कधी कुणी उच्चारलं नाही.

दोन दिवस मी एकच वाक्य घोळवत होते. जेवणाच्या टेबलावर सगळे बसले की नलू माझ्याकडं बघणार, आणि मी जगदाळेबाईंच्या तोंडावर म्हणणार, 'आम्हाला स्थळ पसंत नाही.' एवढंच. कारण सांगायचं नाही. कारण न सांगता नकार मिळाला की माणूस रात्रंदिवस स्वतःच्या अंगावर खोट शोधत बसतं, हा माझा स्वतःचा अनुभव होता. मृण्मयी रडेल हेही दिसत होतं. त्या पोरीवर माझा जीव आहे. पण त्या दोन दिवसांत मी तिच्या रडण्याचाही हिशेब मनातल्या मनात मिटवून टाकला होता. एकवीस वर्षांची आहे, दुसरा मिळेल, असं मी स्वतःला सांगितलं. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याची जीभ हासडली असती.

यशोधनला दुपारी दोनपर्यंत ड्यूटी होती. बाई आमच्या घरापासून दोन मैलांवर एका छोट्या लॉजमध्ये उतरलेल्या. दिनकरराव बाराच्या सुमारास गाडी घेऊन त्यांना आणायला जाणार होते. मी सकाळीच म्हटलं, "मी चालत जाऊन घेऊन येते. सरळ रस्ता आहे. त्यांनाही शहर दिसेल."

"अक्का, आज बस नाही बरं का," दिनकरराव कोंबडीला मसाला चोळत म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं.

तर अशा आम्ही दोघी थांब्यावर.

वीस मिनिटं झाली. बाई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊ लागल्या. "गुडघे धरतात माझे," त्या म्हणाल्या. "तुमच्या बहिणीनं काय बाई घर घेतलंय इतक्या लांब."

"बसा की बाकावर."

"गारठलंय ते. बसलं की उठायला नको." मग माझ्याकडं नीट बघितलं, वरून खाली. ती नजर मी ओळखली. बाजारात म्हैस घेताना असं बघतात. "तुमचं सासर कुठलं?"

"सासर नाही. लग्न केलं नाही."

"का हो? चेहरा तर बरा आहे."

"जमलं नाही."

"असं होतं एखादीचं," त्या म्हणाल्या, मनापासून हळहळून. "आणि गाव?"

"कराड."

"अगंबाई. कराडला मी एकदाच आले होते. आमच्या धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला. लई वर्षं झाली, हा यशोधन माझ्या कडेवर होता." त्या बाकाच्या कडेला टेकल्याच अखेर. गोष्ट सांगायची म्हटल्यावर गारठा विसरल्या. "मुलगी बघण्यात आमच्या सगळ्या भावकीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं बरं का. एकतीस मुली बघितल्यात मी. दिरासाठी, पुतण्यांसाठी, शेजारणीच्या पोरासाठीसुद्धा. लोक न्यायचे मला मुद्दाम."

"कशावरून ओळखायचात?" मी विचारलं. माझा आवाज मला कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला.

"तोंडाकडं बघायचंच नाही. तोंडाला सगळ्याच पावडर लावतात. मी म्हणायची, बाळ, जरा चालून दाखव. जोत्याची पायरी चढून ये. पायरी चढताना साडी वर होते की नाही? तेव्हा घोटा बघायचा. घोट्याला कोण पावडर लावतंय?" त्या हसल्या. "ती कराडची मुलगी, सोमवार पेठेतली. बापाचं सायकलचं दुकान. गोरी, नाकीडोळी नीटस, पोहे पण चांगले केलेले, मी दोन बशा खाल्ल्या. आमच्या यशोधननं तिच्या मांडीवर बसून तिचं पातळ भिजवलं तरी तिनं तोंड वाकडं केलं नाही. आमचा दीर तर बघतच राहिलेला. आणि पायरी चढली, तर डाव्या घोट्यावर हा एवढा पांढरा डाग." त्यांनी जाकिटाच्या बाहीतून अंगठा आणि बोट बाहेर काढून रुपयाएवढा गोल दाखवला. "कोड. बापानं लपवलं होतं. आमचं घर वाचलं बघा त्या दिवशी."

"मग?"

"मग काय. आम्ही नाही कळवलं. आणि चार लोकांना सांगून ठेवलं. आपण फसलो नाही, दुसरं कुणी कशाला फसावं?"

समोरच्या दुकानाच्या काचेत कापसाच्या बर्फावर एक लाकडी हरीण उभं होतं. मी त्या हरणाकडं बघत बाकावर त्यांच्याशेजारी बसले, डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला. मग पायमोजा काढला. नऊवारीचा काष्टा वर खोचतात तशी साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि पाय त्यांच्यासमोर धरला.

"हे का ते?" मी विचारलं.

जगदाळेबाईंनी पिशवीत हात घालून चष्मा काढला, लावला. वाकल्या. अंगठ्यानं डाग दाबला, बाजूची कातडी ताणून बघितली. त्यांचा अंगठा बर्फासारखा गार होता.

"हे भाजलेलं आहे," त्या म्हणाल्या.

"हो. नागपंचमीला खिरीचं पातेलं उलटलं होतं. मी सात वर्षांची होते."

"कोड असतं तर एव्हाना वर चढलं असतं."

"हो. तुम्ही बघितलंत त्याला पंचवीस वर्षं झाली. जिथं होतं तिथंच आहे."

त्यांनी चष्मा काढला. माझ्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. "चेहरा नाही आठवत," त्या म्हणाल्या. "खरंच नाही आठवत. घोटा आठवतो."

तोपर्यंत मला वाटलं होतं की सूड म्हणजे ओळख पटणं. ती बाई मला बघून दचकेल, पांढरी पडेल. आणि तिला माझा घोटा आठवत होता, मी नाही.

"तेव्हाच सांगायचं नाही का गं, भाजलंय म्हणून?" त्या म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'गं' कधी झालं ते त्यांनाही कळलं नसेल.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मी पायमोजा चढवला. पायाची बोटं बधिर झाली होती. "चार लोकांना सांगितलंत तुम्ही," मी म्हटलं. "त्याचं काय झालं ते मी सांगते, तुम्ही फक्त ऐका. आठ वर्षांत अकरा स्थळं आली आणि अकराही गेली. आधी आप्पांना कळेचना. मग आत्यानं रहिमतपुरातून ऐकून येऊन सांगितलं. तेव्हा आप्पा मला सांगलीला कातडीच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनं दाखला लिहून दिला, हे कोड नाही, जुनं भाजलेलं आहे. शिक्का मारून दिला. आप्पांना वाटलं, झालं, सुटलो. त्यानंतर जिथं जातील तिथं फोटोबरोबर तो दाखलाही दाखवायचे. ज्यांनी काही ऐकलं नव्हतं, त्यांनाही दाखवायचे. आता सांगा, जिच्या बापाच्या खिशात कोड नसल्याचा दाखला आहे, तिला कोण करून घेईल?"

बाईंनी पदर ओढून घेतला.

"आप्पा दुकानात जाताना तो दाखला खिशात ठेवून जायचे. गेले तेव्हाही खिशात होता. घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झाले होते."

एक गाडी भुर्रकन गेली. बाईंनी सवयीनं मान वर करून बस आहे का बघितलं, मग पुन्हा खाली घातली.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तुम्ही एकतीस मुली बघितल्यात. तुमच्या हाताला आत्ता लगेच कळलं भाजलंय म्हणून. तेव्हा खरंच कळलं नव्हतं?"

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"शंका आली होती," त्या म्हणाल्या.

"मग?"

"परत जाताना एस्टीत आमचा दीर खिडकीत बसला होता. बाहेर बघत होता आणि एकटाच हसत होता. अगदी रहिमतपूर येईपर्यंत." त्यांनी नाक पुसलं, थंडीनं की कशानं कोण जाणे. "मला त्या घरात हसत कुणी आणलं नव्हतं गं. माझ्या बहिणीला मागणी घातली होती, तिनं नाही म्हटलं म्हणून माझ्याशी केलं. बारा वर्षं त्या चुलीपुढं काढल्यावर ही येणार, आणि तो असा हसत तिला आणणार. स्टँडवर उतरले आणि सासूला म्हटलं, मुलीला कोड आहे. तोंडातून निघून गेलं. मग ते खरं असल्यासारखंच बोलत राहिले. पुढं पुढं मलाही खरंच वाटायला लागलं."

मला त्या माणसाचा चेहरा आठवला. निळा सदरा घातलेला, बुजरा. मी पोह्यांची बशी पुढं केली तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी घेतली होती.

"ते आता कुठं असतात?" मी विचारलं.

"इचलकरंजीला. दोन मुली आहेत. बायको खाष्ट निघाली." आणि मग घाईघाईनं, "तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. आहेच ती खाष्ट."

मला हसू आलं असतं. मी ते येऊ दिलं नाही.

"आता ऐका," मी म्हटलं. "आज टेबलावर माझी बहीण माझ्याकडं बघणार आहे. मी नाही म्हणणार आहे."

"तुझी भाची रडेल."

"तुमचा मुलगाही रडेल."

"तो रडायचा नाही," बाई म्हणाल्या. "तो निघून जाईल. त्यानं मला आधीच सांगितलंय, आई, यात काही मोडता घातलास तर मी पुन्हा रहिमतपूरला पाय ठेवणार नाही. त्याला माहीत आहे ना, मी काय काय मोडलंय ते. घरात आता मी एकटीच आहे. मालक गेल्यापासून तो रोज फोन करतो, तेवढंच." त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. "पाया पडते तुझ्या."

"नको," मी म्हटलं. "इथं कोण बघतंय?"

त्या तशाच अर्ध्या वाकलेल्या थांबल्या. खरोखरच कुणी नव्हतं. त्या एवढ्या मोठ्या शहरात आम्हा दोघींशिवाय फक्त ते लाकडी हरीण होतं.

"माफी माझ्याजवळ मागून काय उपयोग?" मी म्हटलं. "मला ठाऊकच आहे की मला कोड नाही. ज्यांना तुम्ही सांगितलंत त्यांना सांगा. लग्न कराडात करायचं. आमंत्रणाच्या अक्षता द्यायला तुम्ही माझ्याबरोबर यायचं, त्या अकरा घरी. दारात उभं राहून कुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या आणि सांगायचं, ही मालन, हिला कोड कधीच नव्हतं, मी खोटं बोलले होते."

"पंचवीस वर्षं झाली. निम्मी माणसं मेली असतील."

"त्यांच्या सुना असतील."

"त्या सुनांना काय पडलंय?"

"मला पडलंय."

बाईंनी रिकाम्या रस्त्याकडं बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "मुलाच्या आईनं दारोदार जाऊन असं सांगायचं," त्या पुटपुटल्या. "आमच्या भावकीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"नाही राहणार," मी म्हटलं. "मला माहीत आहे कसं असतं ते."

"आणि यशोधनला?"

"त्याला कळायची गरज नाही. पोरांचा यात काही संबंध नाही."

त्यांनी पिशवी उचलली. "बरं," त्या म्हणाल्या. "येईन."

"अकराच्या अकरा."

"अकराच्या अकरा. आता ती बस कधी येणार ते बघ, पाय गळून पडतील माझे."

"बस नाही येणार. आज बसच नसते. काहीच नसतं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुला माहीत होतं?"

"हो."

"किती वेळ उभं ठेवणार होतीस?"

"ते अजून ठरलं नव्हतं," मी म्हटलं.

दोन मैल आम्ही चालत गेलो. मी भरभर चालले, त्या मागं. मध्ये एका चर्चमधून माणसं बाहेर पडत होती, नटलेली, लाल मफलर गुंडाळलेली. एका म्हाताऱ्या गोऱ्यानं टोपी उचलून आम्हाला नाताळच्या शुभेच्छा दिल्या. बाई म्हणाल्या, "हां हां, तुम्हालाही." चर्चच्या कठड्यावर त्या पाच मिनिटं टेकल्या. मी उभीच राहिले. त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडून माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही. त्यांनीही खाल्ला नाही, पुडा परत बांधला.

दुपारी यशोधन इस्पितळातून थेट आला, डोळे लाल, गाल बसलेले, तरी हसत. त्यानं वाकून मला नमस्कार केला. तिकडं नाताळच्या जेवणाला एक पद्धत आहे, रंगीत कागदाची नळी दोघांनी ओढून फोडायची आणि आतला कागदी मुकुट डोक्यावर घालायचा. नलूकडं ती पाळत. तर बोलणी झाली ती सगळ्यांनी मुकुट घालून. दिनकररावांचा पिवळा, माझा हिरवा. जगदाळेबाईंनी पदरावरून जांभळा मुकुट घातला होता, तो सारखा डोळ्यांवर येत होता आणि यशोधन तो सरळ करत होता. प्रत्येक वेळी तो हात लावायचा तेव्हा त्या डोळे मिटून घ्यायच्या.

"अक्का," नलू म्हणाली. "बोल की."

मृण्मयीनं हातातला काटा खाली ठेवला. जगदाळेबाई ताटातल्या भाजलेल्या कोंबडीकडं बघत होत्या. मला वाटलं, आता म्हणावं. आत्ता म्हटलं तर ही बाई इथंच, या जांभळ्या मुकुटासकट, कोसळेल. अकरा घरांपेक्षा ते सोपं होतं आणि गोडही होतं. मी घोटभर पाणी प्यायले.

"मुलगा चांगला आहे," मी म्हटलं. "लग्न कराडात होईल. आमंत्रणं मी आणि विहीणबाई मिळून देऊ. हो ना, विहीणबाई?"

"हो," जगदाळेबाई म्हणाल्या.

मृण्मयी धावत येऊन माझ्या गळ्यात पडली, तिचा मुकुट फाटला. नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन विहिणींचं किती पटतंय बघा, असं दिनकरराव म्हणाले.

लग्न मे महिन्यात ठरलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाई दिलेल्या शब्दाप्रमाणं कराडला आल्या. कुंकवाची कोयरी आणि अक्षतांची पिशवी घेऊन आम्ही सकाळी आठलाच निघालो. पाच घरं गावात होती, बाकीची उंब्रज, इस्लामपूर, कोरेगावकडं.

पहिल्या घरी म्हातारी ऐकूच न येणारी. बाईंनी तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. शेजारपाजारचे बाहेर आले. दुसऱ्या घरी सून म्हणाली, "कोण मालन?" बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, एक शब्द न गाळता. तिसऱ्या घरी एका बाप्यानं मान खाली घातली आणि सरबत करायला सांगितलं. त्यांनी कुठंही आवाज खाली घेतला नाही, कुठंही सारवासारव केली नाही. मला वाटलं होतं, पहिल्या घरीच मला बरं वाटायला लागेल. थोडं वाटलंही. पण दर दारातून बाहेर पडलं की पुढच्या दाराची घाई व्हायची.

चौथं घर पोवारांचं. त्यांची लेक माहेरी आलेली होती, माझ्याच वयाची. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझा हात धरला.

"अगं मालन, कोडाचं आम्हाला कधी कळलंच नव्हतं," ती म्हणाली. "आमच्या दादाचं तेव्हा कॉलेजातल्या मुलीशी होतं. आईसमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक मुलीला नाही नाही करत गेला. तू कोणीही असतीस तरी नाहीच म्हणाला असता."

मी सरबताचा पेला ठेवला. जगदाळेबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी कुंकू लावलं, अक्षता दिल्या, निघालो.

गल्लीत ऊन रणरणत होतं. बाई एका भिंतीच्या तुकडाभर सावलीत थांबल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"हे घर माझ्या अंगावर नको," त्या म्हणाल्या.

मी विचार केला. आप्पा या घरी तीन वेळा आले होते, भर उन्हात, सायकलवरून. पण खरं ते खरं.

"बरं," मी म्हटलं. "दहा धरा."

"मग आता किती राहिली?"

"सात."

त्यांनी पुढं पसरलेल्या रस्त्याकडं पाहिलं. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं विचारलंही, कुठं जायचं काकू म्हणून.

"चालतच जाऊ," मी म्हटलं, आणि पुढं निघाले.